सांभाळणाऱ्या हातांना हक्कांची ओळख

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्या वस्तीत एकच वाक्य ऐकू येते, "आपल्यावर अशी पाळी येऊ नये." पण पाळी येते. बाभुळगाव तालुका हा कापसाचा तालुका. पाऊस दगा देतो, कपाशीला भाव मिळत नाही, शेतमजुराच्या हाताला बारमाही काम नसते. मग पोरगा धामणगावच्या स्टेशनवरून गाडी धरून पुण्या-मुंबईकडे निघतो, मागोमाग सून लेकरांना घेऊन जाते आणि गावातल्या घरात बाजेवर एक बुढी माय किंवा बुढा बाप राहतो. काही दिवस शेजारपाजारचे लोक भाकरतुकडा देतात. मग एखादे दुखणे येते, पाय घसरून खुबा मोडतो, आणि कोणीतरी म्हणते, वृद्धाश्रमात ठेवा.

या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि बहुतेक लेखक पोटच्या पोरांना शिव्या घालून मोकळे होतात. आम्हाला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहत असतील तर अंथरुणाला खिळलेल्या बापाची बाज कुठे टाकायची, हा प्रश्न शिव्या देऊन सुटत नाही. आज आम्हाला वेगळ्या माणसांशी बोलायचे आहे. वृद्धाश्रमात, दवाखान्यात, ब्युरोमार्फत लोकांच्या घरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळण्याचे काम करणाऱ्या मावश्या, आया, वॉर्डबॉय यांच्याशी. या कामात आपल्या समाजाच्या माता-भगिनी कमी नाहीत. ज्या हाताने घास भरवला जातो, अंग पुसले जाते, रात्री पॉट दिला जातो, त्या हातालाच समोरच्या माणसाचे हक्क काय आहेत हे कोणी सांगितलेले नसते. आणि स्वतःचे हक्क काय, हे तर त्याहून नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून एक आकडा दिला आहे. वृद्धांच्या संस्थांमध्ये काम करणाऱ्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून वृद्धाशी गैरवागणूक झाल्याचे स्वतःच सांगितले आहे. तिघांपैकी दोघे! ही सगळी माणसे दुष्ट असतील काय? आम्हाला तसे वाटत नाही. ओरडणे, हिसका देऊन उठवणे, हाक ऐकूनही न जाणे, ओल्या अंथरुणात तासभर तसेच ठेवणे, हे सारे त्यात धरले जाते. एकटीच्या अंगावर वीस-पंचवीस म्हातारी माणसे टाकली आणि रात्रपाळीनंतर पुन्हा दिवसपाळी करायला लावली, की मायाळू बाईचाही आवाज चढतो. म्हणून या प्रश्नाचे खापर मावशीच्या डोक्यावर फोडून मालकाने नामानिराळे राहू नये. पण कारण समजले म्हणून म्हाताऱ्या माणसाला बसलेला हिसका कमी दुखत नाही, हेही तितकेच खरे.

हक्क म्हणजे नेमके काय?

हक्क हा शब्द ऐकला की आपल्याला मोर्चा आठवतो, कचेरी आठवते. वृद्धाश्रमात हक्क सकाळी सहा वाजता सुरू होतो. न्हाणीघराचे दार लावायचे की उघडे ठेवायचे? चार बायांना एका रांगेत उघडे बसवून त्यांच्या अंगावर तांब्याने पाणी ओतले तर काम लवकर उरकते. पण ज्या माउलीने सत्तर वर्षे अंगावरचा पदर ढळू दिला नाही, तिला त्या वेळी काय वाटत असेल? एक जुने लुगडे दोरीवर टाकून आडोसा करायला पैसा लागत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने १६ डिसेंबर १९९१ रोजी वृद्धांसंबंधी अठरा तत्त्वे मान्य केली. त्यांतले एक खास आश्रमात, दवाखान्यात, निवाऱ्यात राहणाऱ्या वृद्धांसाठी आहे. त्याचा मथितार्थ असा की संस्थेच्या फाटकातून आत गेल्यावर माणसाचे मानवी हक्क बाहेर राहत नाहीत. त्याची प्रतिष्ठा, त्याची श्रद्धा, त्याच्या गरजा, त्याचा खाजगीपणा आणि आपल्या सेवाशुश्रूषेविषयी स्वतः ठरवण्याचा त्याचा अधिकार, हे सगळे तसेच्या तसे राहते.

ठरवण्याचा अधिकार ही गोष्ट आपल्याकडे सर्वांत कमी समजली गेली आहे. "बाबा, आज केस कापायचे," असे सांगून सरसकट सगळ्यांचे डोके भादरले जाते, कारण उवा होतात आणि तेल लागते. "आजी, ही गोळी घ्या." कसली गोळी? "डॉक्टरने दिली." बस्स. रात्री ओरडतो म्हणून झोपेची गोळी वाढवायची, हे डॉक्टरला न विचारता झाले तर तो औषधोपचार राहत नाही, तो माणसाला गप्प करण्याचा उपाय होतो. गोळी कसली हे विचारण्याचा हक्क निरक्षर बुढीलाही आहे. मावशीला ठाऊक नसेल तर तिने नर्सला विचारून येऊन सांगावे.

हाक मारण्याचेही तसेच आहे. "ए बुढ्या, उठ" असे म्हणणाऱ्याला कदाचित वाईट अर्थ अभिप्रेत नसेल. आपल्या वऱ्हाडी बोलीत बुढा हा शब्द घरात मायेनेही वापरतात. पण घरातला बुढा आणि परक्याच्या तोंडचा बुढ्या यात फरक आहे. पुलगावच्या गिरणीत हयात घालवलेला एखादा कामगार असेल, कोणी रस्त्यावर खडी फोडून तीन पोरींची लग्ने करून दिली असतील. त्यांना नावाने, आबाजी, बाबा, आजी म्हणून, आणि अहो-जाहो करून हाक मारावी. काय म्हणून हाक मारू, हे पहिल्या दिवशी त्यांनाच विचारावे.

बांधून ठेवणे

आता जरा कठीण विषय. म्हातारपणात काहींना विस्मरणाचा आजार जडतो. ते रात्री उठून चालू लागतात, फाटकाबाहेर जातात, पडतात. मग त्यांचा हात पलंगाच्या गजाला ओढणीने बांधला जातो किंवा खोलीला बाहेरून कडी लावली जाते. "त्यांच्याच भल्यासाठी," असे सांगितले जाते.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एर्वाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका झोपडीवजा आश्रमाला पहाटे आग लागली. तिथली माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जणांचा बळी गेला. त्यांना पळता आले नाही, एवढेच त्याचे कारण. त्या घटनेने साऱ्या देशाला हादरा बसला. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंड बेकायदा ठरवले आणि एकांतात कोंडून ठेवायला बंदी घातली. माणसाला आवरून धरायचेच झाले तर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचार डॉक्टरच्या परवानगीने, गरजेपुरताच वेळ आणि नोंद करून, असे बंधन आले. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. आणि याच कायद्यात असेही म्हटले आहे की माणसे कमी आहेत या सबबीवर कोणाला बांधता येणार नाही. हा कायदा मानसिक आजाराच्या संस्थांसाठी आहे, हे खरे. परंतु साध्या वृद्धाश्रमातल्या माणसाला त्याहून कमी संरक्षण आहे असे कोणी समजू नये. विनाकारण कोंडून ठेवणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि कोंडलेल्याचे वय साठच्या वर असले म्हणून तो माफ होत नाही.

मग रात्री उठणाऱ्याचे काय करावे? पलंग बुटका घ्यावा किंवा गादी जमिनीवर टाकावी. संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा. बरेचदा माणूस लघवीसाठीच उठलेला असतो, त्याला झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री एकदा नेऊन आणावे. यासाठी रात्री माणूस लागतो, आणि तो नेमणे हे संस्थेचे काम आहे.

आणखी एक कलम सांगण्यासारखे आहे, कारण ते फारच थोड्यांना ठाऊक असते. आजारपणामुळे किंवा शरीर दुबळे झाल्यामुळे असहाय झालेल्या माणसाला सांभाळण्याचा करार करून मग जाणूनबुजून ती सेवा न देणे, हा आपल्या देशात गुन्हा आहे. १८६० च्या दंडसंहितेत ते कलम ४९१ होते आणि दंड होता फक्त दोनशे रुपयांपर्यंत! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत हेच कलम ३५७ म्हणून आले आहे. आता तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पासबुक कोणाच्या पेटीत?

श्रावणबाळ योजनेचे आणि संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये झाले. श्रीमंताला ही रक्कम चहापाण्याची वाटेल. आश्रमातल्या निराधार बाईसाठी तेवढाच तिचा स्वतःचा पैसा असतो. ते पासबुक, आधार कार्ड कोणाजवळ असते? कित्येक ठिकाणी कागद सांभाळायला म्हणून ते घेतले जातात आणि अंगठा उमटवायला तेवढे माणसाला नेले जाते. कधी मुलगाच येतो, पैसे काढून नेतो आणि आईच्या हातावर वीस रुपये ठेवतो.

पैसा ज्याच्या नावाचा त्याचा. संस्थेने फी घ्यायची असेल तर पावती द्यावी. मावशीने या व्यवहारात स्वतः हात घालू नये, कोणाचे एटीएम कार्ड जवळ ठेवू नये, उद्या तिच्यावरच आळ येतो. पण आजीला तिच्या खात्यात किती जमा झाले हे वाचून दाखवायला काय हरकत आहे? वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की अनुदान बंद पडते, त्याची आठवण करून देणे ही देखील सेवाच.

मताचेही असेच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरूनच मत देण्याची सोय निवडणूक आयोगाने केली होती. त्यासाठी १२-ड नमुन्याचा अर्ज वेळेत भरावा लागतो. आश्रमातल्या किती माणसांची नावे यादीत असतात? "आता यांना मत देऊन काय करायचे?" असे म्हणणारे व्यवस्थापक असतात. ज्या समाजाला मताचा अधिकार कोणी मिळवून दिला हे ठाऊक आहे, त्या समाजाच्या मावशीने तरी हे ऐकून गप्प बसू नये.

ताट, पाणी आणि आरती

आश्रमात जात संपते असे म्हणतात. तसे असते तर बरे झाले असते. आपला माणूस आश्रमात गेला तर त्याचे ताट वेगळे ठेवले जाते का, त्याची बाज कोपऱ्यात संडासाजवळच का, हे नातेवाइकांनी पहिल्या भेटीतच पाहावे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने सर्वांसाठी असलेल्या दवाखान्यात, वसतिगृहात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे किंवा भेदभाव करणे हा गुन्हा ठरवला आहे. बौद्ध झाल्याने हे संरक्षण जात नाही. १९९० मध्ये केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत मान्यता दिली, तेव्हापासून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचाही आधार आपल्याला आहे.

उलट बाजूही असते, आणि ती मावश्यांना जास्त भोगावी लागते. पलंगावरचा म्हातारा म्हणतो, "हिच्या हातचे पाणी नको, दुसरीला पाठवा." ती त्याची घाण काढते ते चालते, पाणी मात्र चालत नाही! अशा वेळी व्यवस्थापक बहुधा गुपचूप ड्यूटी बदलून देतो आणि मावशीला समजावतो, "जुनी माणसे आहेत, मनावर घेऊ नको." आमचे मत स्पष्ट आहे. म्हाताऱ्याला काय खायचे हे ठरवण्याचा हक्क आहे, पण जात पाहून कोणी वाढायचे हे ठरवण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि तसे मागितल्यावर ड्यूटी बदलून देणारा व्यवस्थापक त्या अस्पृश्यतेत सामील होतो. मावशीने त्याला तसे सांगावे, शक्यतो लेखी. म्हाताऱ्याशी मात्र वाईट वागू नये. त्याचे औषध चुकवणे, हाकेला उशीर लावणे, असा सूड घेऊ नये.

मग आरती. संध्याकाळी सगळ्यांनी हॉलमध्ये बसून भजन-आरती करायची, असा कित्येक आश्रमांचा नेम असतो. ज्याला आवडते त्याने करावी. पण बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती किंवा काहीच न मानणाऱ्या माणसाला जबरदस्तीने बसवणे घटनेच्या पंचविसाव्या कलमाला धरून नाही. आपली आजी पलंगावर बसून त्रिशरण-पंचशील म्हणत असेल तर तिला तेवढी पाच मिनिटे शांतपणे मिळावीत. आणि मृत्यूनंतर अंत्यविधी कोणत्या पद्धतीने करायचा, कोणाला कळवायचे, हे दाखल करतानाच अर्जावर लिहून ठेवावे. ऐनवेळी नातेवाईक पोचत नाहीत, आणि मग संस्था आपल्या रीतीने उरकून टाकते.

इथे एका जुन्या गोष्टीची आठवण होते. विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. हगवणीने तो स्वतःच्या घाणीत पडून होता आणि तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन पुसून मंचकावर निजवले. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत : औषध तयार करता यावे, काय पथ्याचे आणि काय अपथ्याचे हे कळावे, मळमूत्र, थुंकी, वांती यांची किळस नसावी, रुग्णाच्या मनाला उभारी देता यावी आणि सेवा लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने करावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कोणत्याही प्रशिक्षण वर्गात लावता येईल. शेवटच्या गुणाचा मात्र संस्थाचालकांनी सोयीचा अर्थ काढू नये. वाजवी पगार मागणे हा लोभ होत नाही. भिक्खूंना घरभाडे नव्हते आणि पोरांच्या शाळेची फी नव्हती.

कायदा कुठे आधार देतो

घटनेच्या एक्केचाळिसाव्या कलमात म्हातारपण, आजारपण आणि बेकारी यांत सरकारने मदत करावी असे मार्गदर्शक तत्त्व आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा केंद्रीय कायदा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, २००७ साली झाला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला आणि नियम २०१० मध्ये आले. साठ वर्षांवरील माणूस मुलांकडून, किंवा मूल नसल्यास मालमत्ता ज्यांना मिळणार त्या नातेवाइकांकडून निर्वाह मागू शकतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. वकील लागत नाही, किंबहुना कायद्यानेच वकील ठेवलेला नाही. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी तीस दिवस. महिना दहा हजारांपर्यंत रक्कम ठरू शकते. म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी नेऊन सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपला सांभाळ करील या अटीवर घर किंवा वावर नावावर करून दिले आणि पुढे सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. पण ती अट कागदावर असलेली बरी, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

याच कायद्यात निराधार वृद्धांसाठी टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे माणसांचा एक वृद्धाश्रम असावा असे म्हटले आहे. शब्द 'राज्य सरकार काढू शकेल' असे आहेत, 'काढलेच पाहिजेत' असे नाहीत. त्या एका शब्दाच्या फरकाने काय होते ते आपण पाहतोच आहोत. महाराष्ट्रात १९९५ पासून मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. आपल्या जिल्ह्यात आर्णी तालुक्यातील उमरी पठारचा संत दोला महाराज वृद्धाश्रम अनेकांना ठाऊक आहे. पण बाभुळगावच्या माणसाला तेही अंतर लांबच. १३ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर वृद्धांचे आरोग्य, निवारा आणि प्रतिष्ठा हे जगण्याच्या मूलभूत हक्काचेच भाग आहेत असे सांगितले आणि जिल्ह्याजिल्ह्यातील वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला लावली. २०१९ साली वृद्धाश्रमांच्या आणि घरी सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले, पण मंजूर न होताच २०२४ मध्ये ती लोकसभा संपल्यावर बारगळले.

आता मावश्यांच्या स्वतःच्या हक्कांविषयी. किमान वेतन, आठवड्याची सुटी आणि बारा तासांची पाळी करवून घेतली तर जादा पगार, हे मागता येते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. पलंगावरचा पुरुष अंगचटीला येतो, ही तक्रार कित्येक बाया लाजेने सांगत नाहीत. ती सांगावी. कामाचा एक कागद, म्हणजे नेमणूकपत्र, पगाराची नोंद किंवा निदान हजेरीच्या पानाचा फोटो, जवळ असावा. ब्युरोमार्फत जाणाऱ्यांनी ब्युरो किती कापून घेतो ते आधी विचारावे.

आश्रमात कोणाला मारहाण किंवा उपासमार होताना दिसली तर काय करावे? नोकरी जाण्याची भीती खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे, तो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. तिथे प्रकार सांगता येतो. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. जिल्ह्याला समाज कल्याणची कचेरी आहे. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईला आहे. त्याच्याकडे मुख्यतः सरकारी नोकराने केलेल्या किंवा त्याच्या हयगयीने घडलेल्या प्रकाराची तक्रार चालते, आणि ती घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते. म्हणजे खाजगी आश्रमात छळ झाला, पोलिसांत गेलो, त्यांनी नोंदच घेतली नाही, तर त्या नोंद न घेण्याची तक्रार आयोगाकडे जाते. तक्रारीत तारीख, वेळ, कोणी काय केले, कोणी पाहिले एवढेच लिहावे. अक्षर वाईट असले तरी चालते, मराठीत लिहिले तरी चालते, आणि एक प्रत सही-शिक्क्याची पोच घेऊन स्वतःजवळ ठेवावी.